शास्त्रज्ञाच्या कामाचे वजन कसे काढावे? सायटेशन, एच-इंडेक्स आणि सहलेखकांचा हिशेब

दरवर्षी पावसाळा सरता सरता वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास येते: ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या महाविद्यालयाचे प्राध्यापक’. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो आणि ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाने गौरव केला’ असे वाक्य. गौरव कोणी केलेला नसतो. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या डेटाबेसमधल्या सायटेशनवरून, म्हणजे एखाद्या पेपरचा इतर पेपरांनी दिलेल्या हवाल्यांवरून, एक भलामोठा तक्ता बनवतात, २०१९ पासून तो प्रसिद्ध होतो, आणि कोणीही तो उतरवून घेऊ शकतो. त्यात सहा आकडे एकत्र करून गुण काढलेले असतात. संपूर्ण कारकिर्दीचा एक तक्ता असतो आणि एकाच वर्षाचा दुसरा. बातमीतले नाव यांपैकी कोणत्या तक्त्यात आहे, हे बातमीत क्वचितच असते. स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनची टक्केवारीही त्याच तक्त्यात दिलेली असते. ती तर बातमीत कधीच नसते.

तक्ता वाईट नाही, तो वाचायची सवय आपल्याला नाही. निवड समितीवर बसणारे, पीएचडीसाठी गाईड शोधणारे विद्यार्थी, विभागाचा अहवाल लिहिणारे ग्रंथपाल आणि स्वतःची बढतीची फाईल भरणारे प्राध्यापक, या सगळ्यांना दोन-तीन दिवस बसून एखाद्या संशोधकाच्या कामाचा बरा अंदाज घेता येतो. मात्र त्यातला निम्मा वेळ आकडा काढण्याच्या आधीच्या साफसफाईत जातो. बहुतेकजण नेमकी तीच टाळतात.

आधी प्रश्न कागदावर लिहा

‘हा शास्त्रज्ञ किती मोठा?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘गेल्या पाच वर्षांत यांनी स्वतःच्या बळावर नवीन काम उभे केले का?’ याला आहे. ‘यांच्या पद्धतीचा वापर इतर प्रयोगशाळा करतात का?’ यालाही आहे. नवीन कामाच्या प्रश्नासाठी सहलेखकांची यादी लागते, पद्धतीच्या प्रश्नासाठी सायटेशन वाचावी लागतात. प्रश्न ठरला नसेल तर हाताला जो आकडा आधी लागतो तोच उत्तर होऊन बसतो, आणि तो बहुधा एच-इंडेक्स असतो, म्हणजे पेपरांची संख्या आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला एकच आकडा. तो कसा काढतात ते पुढे येईल.

मग नाव पकडा

मराठी आडनावांची खरी पंचाईत इथे आहे. एस. एस. पाटील या नावाने कोणत्याही डेटाबेसमध्ये शोधा: रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, शेती, वैद्यक, सगळीकडचे पेपर एकाच ढिगाऱ्यात सापडतील. कुलकर्णी, जोशी, जाधव, शिंदे यांचीही तीच गत. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, म्हणजे तीच तीच आद्याक्षरे पुन्हा फिरत राहतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पेपर दोन प्रोफाइलमध्ये विभागलेले असतात, आणि तिचा एच-इंडेक्स दोन्हीकडे कमी दिसतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ असतोच. वाघ, वैद्य, वाणी ही आडनावे कोणी व्ही वापरून लिहितो, कोणी डब्ल्यू वापरून. एकच माणूस दोन पेपरांत दोन तऱ्हेने छापलेला असतो.

म्हणून सुरुवात शास्त्रज्ञाच्या स्वतःच्या पेपरयादीपासून करा. सीव्ही मागवा, किंवा विभागाच्या पानावरून घ्या. ऑर्किड आयडी असेल तर काम निम्मे होते. २०१२ साली सुरू झालेला हा सोळा अंकी क्रमांक माणसाला चिकटलेला राहतो, नावाला नाही. पण तो असला म्हणजे भरलेलाही असतो असे समजू नका. कित्येकांनी जर्नलने मागितला म्हणून काढला आणि तसाच रिकामा सोडला.

यादी एका एक्सेल शीटमध्ये उतरवा. प्रत्येक पेपरसमोर वर्ष, जर्नल, डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक), लेखकांची एकूण संख्या, आपल्या शास्त्रज्ञाचा लेखकांतला क्रमांक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक कोण, एवढे रकाने हवेत. हे रकाने आता कंटाळवाणे वाटतील, पण सहलेखकांचा सगळा हिशेब पुढे त्यांच्यावरच होणार आहे. मागे घेतलेला एखादा पेपर यादीत आहे का तेही याच वेळी पाहा. अशा पेपरांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंदवही २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे.

दोन ठिकाणांहून आकडे घ्या

सायटेशन मोजण्याचा धंदा उभा केला फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी. त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ साली आला, आणि आजचा वेब ऑफ सायन्स हा त्याचाच वारस. २००४ साली स्कोपस आणि गूगल स्कॉलर हे दोघेही आले. २०२२ च्या सुरुवातीला ओपनअ‍ॅलेक्स हा पूर्ण मोफत पर्याय सुरू झाला. छोट्या महाविद्यालयांसाठी तो मोठा आधार आहे.

चौघांचे आकडे जुळत नाहीत, आणि जुळायचेही नाहीत. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच नेटवर ठेवलेले पेपर), परिषदेतले निबंध, पुस्तके, जे सापडेल ते मोजतो, म्हणून त्याचा आकडा सहसा सर्वांत मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडलेलेच स्रोत, मुख्यतः जर्नल्स, मोजतात. मराठीतल्या किंवा स्थानिक नियतकालिकांतल्या कामाला तिथे फारशी जागा नाही. स्कोपसची वर्गणी नसली तरी लेखकाचे प्रोफाइल मोफत शोधता येते, हे अनेकांना माहीत नसते.

गूगल स्कॉलरचे प्रोफाइल शास्त्रज्ञ स्वतः सांभाळतो. त्यात दुसऱ्याचे पेपर आपोआप शिरतात आणि शिरलेले काढायची घाई कोणालाच नसते. त्या यंत्रणेला फसवणेही सोपे आहे. २०२४ साली दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावे बारा निरर्थक पेपर तयार केले, त्यांना सायट करणारे आणखी बनावट पेपर नेटवर ठेवले, आणि थोड्याच दिवसांत मांजराच्या खात्यावर १३२ सायटेशन व ११ चा एच-इंडेक्स जमा झाला. या मांजराकडे आपण परत येणार आहोत.

तेव्हा गूगल स्कॉलरसोबत दुसरा एक निवडक स्रोत घ्या, आणि प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत व तारीख लिहा. तारखेशिवायच्या सायटेशनच्या आकड्याला काही किंमत नाही.

एच-इंडेक्स हाताने काढून पाहा

प्रोफाइलवर आयता मिळतो, तरी एकदा हाताने काढा. त्यात काय लपते ते तेव्हाच कळते. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली ही पद्धत मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि खाली मोजत जायचे. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो एच.

समजा एकीचे दहा पेपर आहेत आणि सायटेशन अशी: ९०, ४१, २२, १५, ११, ८, ७, ३, १, ०. सातव्या पेपरला सात आहेत, आठव्याला तीनच. एच-इंडेक्स ७. एकूण सायटेशन १९८. आता पहिल्या पेपरला ९० ऐवजी ९०० सायटेशन मिळाली असे धरा. एच-इंडेक्स तरीही ७ च! शाखेला वळण देणारा एखादा पेपर लिहिला तरी या आकड्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हिर्श यांच्या मूळ लेखातलीच एक गोष्ट इथे कामाची आहे, जी फारसे कोणी वापरत नाही. एकूण सायटेशनला एचच्या वर्गाने भागा. भौतिकशास्त्रज्ञांच्या बाबतीत हे उत्तर साधारण ३ ते ५ च्या दरम्यान येते, असे त्यांनी नोंदवले होते. आपल्या उदाहरणात १९८ भागिले ४९, म्हणजे सुमारे ४. नेहमीसारखे. पहिल्या पेपरला ९०० असती तर उत्तर २० च्या वर गेले असते, म्हणजे एकच पेपर सगळा भार वाहतो आहे आणि तो उघडून वाचायला हवा. उत्तर १ च्या आसपास आले तर सायटेशन नेमकी एच वाढेल अशीच पसरलेली आहेत. आता लॅरी मांजर: १३२ भागिले १२१, म्हणजे १.०९. हा पुरावा नव्हे, पण कुठे खोदायचे ते त्यावरून कळते.

वयाचा प्रश्नही आहेच. एच-इंडेक्स कधी खाली येत नाही, म्हणून निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा आकडा तरुणाशी ताडून पाहणे अन्याय्य आहे. हिर्श यांनी पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी एचला भागायला सुचवले होते. पण ज्यांच्या कारकिर्दीत बाळंतपण, आजारपण किंवा नोकरीतला खंड आला, त्यांच्यासाठी ती वर्षे वजा करा, आणि वजा केल्याचे लिहून ठेवा.

शेजारी कोण आहे ते पाहा

गणितातला पेपर आणि पेशीजीवशास्त्रातला पेपर यांची सायटेशन शेजारी ठेवू नयेत. गणितात संदर्भयादी आखूड, माणसे कमी आणि पेपर मुरायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरशी करायची. बारा सायटेशनवाल्या पेपरच्या विषयात सरासरी चार असेल तर गुणोत्तर ३. सरासरी चोवीस असेल तर त्याच बारा सायटेशनचे गुणोत्तर ०.५. स्कोपसमध्ये हे गुणोत्तर तयार मिळते, आणि १ म्हणजे जागतिक सरासरी. वैद्यक व जीवशास्त्रासाठी अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचे आयसाइट हे मोफत साधन आहे.

सरासरीवर मात्र फार विसंबू नका. मूठभर पेपरांना शेकडो सायटेशन असतात आणि बहुतेकांना थोडी. त्यापेक्षा ‘यांचे किती पेपर आपापल्या विषयातल्या वरच्या १० टक्क्यांत आहेत?’ हा प्रश्न जास्त सरळ उत्तर देतो.

आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा? तो जर्नलचा आहे, पेपरचा नाही. शास्त्रज्ञाचा तर नाहीच. २०१३ साली जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, ज्याला सगळे डोरा म्हणतात, हेच सांगितले आहे. तरी आपल्याकडच्या अर्जांत सर्व पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज मागणारा रकाना अजून भेटतो. त्या बेरजेला काही अर्थ नाही. रकाना सोडता येत नसेल तर भरा, पण त्यावर चर्चा करू नका.

सायटेशन कोणाकडून आली?

स्वतःच्या आधीच्या कामाचा उल्लेख करणे हा गुन्हा नाही. एकाच प्रश्नावर वीस वर्षे काम करणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा हवाला द्यावा? आयोनिडिस यांच्या २०१९ च्या आकडेवारीत जास्त सायटेशन मिळवणाऱ्या शास्त्रज्ञांत स्व-सायटेशनचा मध्यांक १२.७ टक्के निघाला होता. मात्र त्याच यादीत अडीचशेहून अधिक जण असे होते, ज्यांची निम्म्याहून जास्त सायटेशन स्वतःची किंवा सहलेखकांची होती.

स्कोपसमध्ये स्व-सायटेशन वगळून आकडा पाहता येतो, फक्त त्या लेखकाची वगळून किंवा सर्व सहलेखकांचीही वगळून. दोन्ही काढा. पहिल्या वजाबाकीत थोडी आणि दुसरीत मोठी घट झाली, तर मंडळी एकमेकांना सायट करत आहेत. मग सायट करणाऱ्या पेपरांची जर्नल्स पाहा. अर्धीअधिक सायटेशन एकाच जर्नलमधून येत असतील, तर त्या जर्नलच्या संपादक मंडळात हा शास्त्रज्ञ किंवा त्याचे सहलेखक आहेत का ते पाहा.

आता ती सायटेशन वाचा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. शास्त्रज्ञाचे सर्वाधिक सायटेशनचे पाच पेपर घ्या. प्रत्येकाला सायट करणाऱ्या पेपरांची यादी तारखेप्रमाणे लावा आणि ठरावीक अंतराने दहा-दहा निवडा. गाजलेले तेवढे उचलू नका. प्रत्येकात आपल्या शास्त्रज्ञाचा उल्लेख कुठे आणि कशासाठी आला ते शोधा आणि चारपैकी एक शिक्का मारा: ओझरता, पद्धत वापरली, काम पुढे नेले, खोडले.

प्रस्तावनेत ‘या विषयावर अनेकांनी काम केले आहे’ म्हणून कंसात टाकलेले सात-आठ हवाले म्हणजे ओझरते. बहुतेक पेपरांच्या बाबतीत यांचेच प्रमाण जास्त निघते. धक्का बसू देऊ नका.

पद्धतीचे पेपर सायटेशनच्या जगात राजे असतात. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची ऑलिव्हर लोरी यांची १९५१ ची पद्धत घ्या. नेचरने २०१४ साली सर्वाधिक सायटेशनच्या शंभर पेपरांची यादी छापली, तेव्हा या पद्धतीचा पेपर तीन लाखांहून जास्त सायटेशन घेऊन पहिला होता. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा पेपर त्या शंभरांत नव्हताच. उलट अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ चा पेपर ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. त्याला सायटेशन भरपूर आहेत, आणि त्यांतली बहुतेक तो खोडण्यासाठी दिलेली. मोजणारे यंत्र दोन्ही सारखीच मोजते.

याच्या अगदी उलट प्रकारही असतो. काम इतके सर्वमान्य होते की हवाला द्यायची गरजच कोणाला वाटत नाही. रामन स्पेक्ट्रोस्कोपीवरचे किती पेपर आज रामन यांच्या १९२८ च्या मूळ लेखाचा हवाला देतात? देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर यांचे लेखन छोट्या नियतकालिकांत आणि स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत विखुरले आहे. ६१७४ ला मात्र जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. म्हणून पेपरांचा मजकूर शोधता येत असेल तर शास्त्रज्ञाच्या नावाने चालणारी पद्धत, समीकरण, वाण किंवा सॉफ्टवेअर हेही शोधा. शेतीतल्या संशोधकांसाठी तर हे आवश्यकच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले संगम’ हे सोयाबीनचे वाण पेरणारा शेतकरी कोणालाच सायट करत नाही.

सहलेखकांचा हिशेब

एक्सेलमधले ते कंटाळवाणे रकाने आता उघडा. पहिला हिशेब वाट्याचा. चार लेखकांच्या पेपरचा पाव भाग, वीस लेखकांच्या पेपरचा विसावा भाग. चाळीस पेपर, प्रत्येकी वीस लेखक: वाटा २. बारा पेपर, प्रत्येकी तीन लेखक: वाटा ४. चाळीस विरुद्ध बारा असे दिसणारे चित्र उलटे होते. हा काही अंतिम न्याय नव्हे, पण समितीच्या टेबलावर दोन्ही आकडे शेजारी असले पाहिजेत.

दुसरा हिशेब क्रमांकाचा, आणि इथे विषयाची रीत माहीत हवी. जीवशास्त्रात पहिला लेखक काम करणारा आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख. गणितात आडनावांच्या वर्णक्रमाने लावतात, त्यामुळे तिथे ‘पहिले लेखक किती वेळा?’ हा प्रश्नच चुकीचा. इंग्रजी वर्णक्रमात आगाशे सदा पुढे आणि वाघ सदा मागे! हल्ली अनेक जर्नल्स कोणी काय केले याची नोंद पेपरच्या शेवटी छापतात. ती वाचा.

हजारो लेखकांच्या पेपरांना हे काहीच लागू होत नाही. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा २०१५ चा पेपर पाच हजारांहून अधिक लेखकांचा आहे, आणि त्याच्या ३३ पानांपैकी बहुतांश पाने नावांचीच. गुरुत्वीय लहरींचा २०१६ चा पेपरही सुमारे हजार जणांचा, त्यात भारतीय संस्थांतले बरेच. अशा पेपरवरून व्यक्तीचे योगदान कळत नाही. त्यासाठी आधीचे छोटे पेपर शोधायचे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबत १९९१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये लिहिलेला पेपर घ्या. गोंगाटात दडलेला लहरींचा संकेत ओळखायला कोणत्या गाळण्या निवडाव्यात, हा त्याचा विषय. लेखक दोनच. कोणी काय केले ते त्यात स्वच्छ दिसते, आणि तेही लहर सापडण्याच्या जवळपास पाव शतक आधी. मोठ्या प्रकल्पातल्या माणसाचे वजन करताना हजार नावांचे पेपर वेगळ्या ओळीत ठेवा आणि उरलेल्यांवर बोला.

तिसरा हिशेब माणसांचा. एकूण वेगवेगळे सहलेखक किती, त्यांतले तीनपेक्षा जास्त वेळा परत आलेले किती, संस्थेबाहेरचे किती, देशाबाहेरचे किती, विद्यार्थी किती? तरुण संशोधकांसाठी आणखी एक: गेल्या पाच वर्षांत पीएचडीच्या गाईडचे नाव नसलेले पेपर किती? निवड समितीला हवे असलेले उत्तर बऱ्याचदा याच आकड्यात असते. देशाबाहेरच्या सहलेखकांची संख्या वाढली की सायटेशनही बहुधा वाढलेली दिसतात, पण प्रश्न आपल्या माणसाने मांडला की नमुने तेवढे पुरवले, हे संख्येतून कळत नाही.

चित्र काढायचे असेल तर लायडन विद्यापीठात बनलेले व्हॉसव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. डेटाबेसमधून पेपरयादी उतरवायची, त्यात टाकायची, सहलेखन हा पर्याय निवडायचा. ठिपके म्हणजे माणसे, रेघा म्हणजे एकत्र पेपर. एकाच घट्ट पुंजक्यात अडकलेला माणूस आणि दोन पुंजक्यांना जोडणारा माणूस यांतला फरक लगेच दिसतो. जोडणारे लोक संस्थेला फार उपयोगी असतात, आणि एच-इंडेक्सच्या यादीत ते बऱ्याचदा मधेच कुठेतरी असतात. चित्र मात्र यादी साफ केल्यानंतरच काढा, नाहीतर तीन वेगवेगळे पाटील मिळून एक महान दुवा तयार होतो.

टिपण

शेवटी एक पान लिहा. तक्ता छोटा, मजकूर जास्त. साधारण असे: ‘स्कोपस, अमुक तारीख. ३८ पेपर, एच ११, स्व-सायटेशन व सहलेखकांची सायटेशन वगळता ९. वरच्या १० टक्क्यांत ४ पेपर. वाट्याने ९.५ पेपर. गेल्या पाच वर्षांतल्या १४ पैकी १० पेपर गाईडशिवाय. तपासलेल्या ५० सायटेशनपैकी ३१ ओझरत्या, १२ मध्ये पद्धतीचा वापर, ६ मध्ये काम पुढे, १ खोडणारी. पद्धत वापरणाऱ्या १२ पैकी ७ प्रयोगशाळांशी यांचा कधीही संबंध नव्हता.’ शेवटचे वाक्य कोणत्याही डेटाबेसमध्ये आयते मिळत नाही, आणि समिती सगळ्यात आधी त्याबद्दल विचारते.

टिपण समितीकडे जाण्याआधी त्या शास्त्रज्ञाला दाखवा आणि आठवडाभर मुदत द्या. सुटलेले पेपर, दुसऱ्याचे चिकटलेले पेपर, लग्नाआधीच्या आडनावाचे पेपर तेव्हाच बाहेर येतात. दुरुस्त्या झाल्यावर एक्सेलची प्रत टिपणासोबत जोडा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.